कणगी, शिंके आणि मांजराचा व्यायाम

गाणगापुरास भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान करून, माणिकनगरी प्रभूंच्या समाधीचे दर्शन घेऊन आम्ही परतत होतो. भालकी तालुक्यातील एका स्नेह्यांच्या घरी रात्रीचा मुक्काम पडला. घर नवे, सिमेंटचे, खिडक्यांना जाळ्या बसविलेले. दिवाणखान्यात पलंगावर एक भगवा बोका निजला होता. त्याचा विस्तार एवढा, की आम्ही प्रथम त्यास तक्क्याच समजून टेकावयास गेलो. घरच्या मंडळींनी वेळीच सावध केले. पशुवैद्यांनी त्याचे वजन सात किलो भरल्याचे सांगून त्यास व्यायाम द्यावा, असे बजावले होते. मांजरास व्यायाम, ही कल्पना ऐकून सारे घर पोट धरून हसले होते. आम्हीही हसलो. कोपऱ्यात वाती वळीत बसलेल्या आजी मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "वाड्यात होतो तवा ह्याच्या आजीला बसायला फुरसत नव्हती. ह्याला कामच उरलं न्हाई बगा."

आजींचे हे एक वाक्य आमच्या मनातून जाईना. आमच्या वाडवडिलांनी मांजराच्या व्यायामाचा विचार कधी केला असेल, असे वाटत नाही; करण्याचे कारणच पडले नाही. मग ते कारण आताच का पडावे? या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाहून अधिक इतिहासात आहे, अशी आमची समजूत झाली, आणि त्या समजुतीचा हा लेख आहे.

आपल्या उपखंडात मांजराच्या धावण्याचा सर्वांत जुना पुरावा म्हणजे एक वीट. सिंधमधील चान्हुदडो येथे अर्नेस्ट मॅके यांनी 1935-36 साली उत्खनन केले, त्यात सिंधू संस्कृतीच्या काळातील एक भाजकी वीट निघाली. वीट ओली असताना तिच्यावरून एक मांजर गेले आणि त्याच्यामागून कुत्रे गेले. कुत्र्याचे पाऊल मांजराच्या पावलावर किंचित चढले आहे आणि ठसे जोराने उमटले आहेत. त्यावरून दोघेही भरधाव होते, हे उघड होते. सुमारे चार सहस्र वर्षांपूर्वी पावली ठशांत उमटलेली ही धाव शेवटास कशी गेली, ते विटेस ठाऊक नाही. पण ज्या वस्तीत विटा वाळत घातल्या जात होत्या, जेथे गहू-जव साठविले जात होते, तेथे मांजर पळत होते, एवढे निश्चित.

जेथे धान्य तेथे उंदीर आणि जेथे उंदीर तेथे मांजर, हा क्रम जगभर सारखाच आहे. पश्चिम आशियात मनुष्याने शेती आरंभिली, कोठारे भरली, तेव्हा तेथील रानमांजर आपण होऊन कोठाराच्या आसऱ्यास आले. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ सहस्र वर्षांपूर्वीच्या एका दफनात मनुष्याशेजारी पुरलेले मांजर सापडल्याचे 2004 साली प्रसिद्ध झाले. गाईस आपण बांधले, घोड्यास लगाम घातला. मांजराशी मात्र केवळ करार झाला. त्याने उंदीर मारावेत आणि आपण त्यास हाकलू नये, इतकाच तो करार. कराराची भाषा कोणी लिहिली नाही, पण त्यात मांजराचा व्यायाम आपोआप अंतर्भूत होता.

आता बीदर आणि कलबुर्गी या प्रांतांकडे वळू. कलबुर्गीच्या काळ्या जमिनीला तुरीचे कोठार म्हणतात. तेथील तूरडाळीस 2019 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. बीदरकडे तांबडी माती पुष्कळ, तथापि ज्वारी, मूग, उडीद, हरभरा ही धान्ये दोन्हीकडे घरोघर भरलेली असत. हे धान्य कोठे राही? पहिली जागा पेव. जमिनीत खोल खणलेले, तोंड अरुंद, आत कडब्याचे अस्तर, वरून माती लिंपलेली. कानडीत त्यासच हगेवु म्हणतात. पेव उघडताच आत उतरणे धोक्याचे, हे आपल्याकडील पोरेटोरेही जाणतात. दुसरी जागा कणगी. तुराट्यांची विणावी, शेणामातीने सारवावी. तिसरी जागा बळद, म्हणजे जाड भिंतीतच केलेली धान्याची खोली, जिचे तोंड वर असे. यांशिवाय स्वयंपाकघरातील उतरंडी आणि आढ्यास टांगलेले शिंके.

याच मुलखाशी दामाजीपंतांची कथा निगडित आहे, हे वाचकांस सांगावयास नको. मंगळवेढ्याचे दामाजीपंत बीदरच्या बादशहाचे अधिकारी. दुष्काळात त्यांनी सरकारी धान्याची कोठारे भुकेलेल्यांसाठी मोकळी केली आणि प्रत्यक्ष विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन बीदरच्या दरबारी भरणा केला, ही कथा महीपतीने आपल्या भक्तविजयात भक्तिभावाने सांगितली आहे. आम्ही ती लहानपणापासून कीर्तनांत ऐकत आलो. पण एक विचार आता प्रथमच मनात येतो. दामाजींनी कोठार उघडले तेव्हा त्यात वाटण्याजोगे धान्य शिल्लक होते, कारण तोवर कोणीतरी ते राखले होते. पहारेकऱ्यांचा वाटा त्यात होताच. रात्री जागणारे दुसरे पहारेकरी मिशाळ आणि चतुष्पाद असणार. कीर्तनकारांनी त्यांचा उल्लेख केला नाही, याचे आम्हास वाईट वाटते.

शास्त्रकारांनी मात्र तो केला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चौथ्या अधिकरणात राष्ट्रावर येणाऱ्या आपत्तींची गणना आहे. अग्नी, पूर, रोग, दुर्भिक्ष यांच्या पंक्तीस उंदीरही बसविले आहेत. त्यांवर उपाय म्हणून मांजरे आणि मुंगसे मोकळी सोडावीत, असे तेथे सांगितले आहे. जो कोणी ती पकडील किंवा मारील त्यास बारा पण दंड. आणि आपली कुत्री आवरणार नाही, त्यासही तोच दंड. चान्हुदडोच्या विटेवरील कुत्र्याच्या धन्यास हा नियम लागू झाला असता तर किती बरे झाले असते! या नियमातील महत्त्वाचा शब्द 'मोकळी' हा आहे. बांधलेल्या मांजराने राज्याचे रक्षण होत नाही, हे त्या कठोर मंत्र्यासही पटले होते.

अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयातील शामशास्त्री यांनी छापून प्रसिद्ध केली ती 1909 साली. गमतीचा योग असा, की त्याच्या आदल्याच वर्षी वऱ्हाडातील एका इंग्रज डॉक्टराने तोच उपाय स्वतंत्रपणे मांडला होता. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि पुढील कित्येक वर्षे तो गावोगाव फिरत राहिला. उंदरांवरील पिसवांमुळे तो पसरतो, हे हळूहळू सिद्ध झाले. वऱ्हाड त्या काळी नावापुरता निजामाचा आणि कारभाराने इंग्रजांचा होता; म्हणजे बीदर, गुलबर्गा आणि अमरावती एकाच धन्याच्या दप्तरात होती म्हणावयाची. अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू बुकॅनन यांनी खेड्याखेड्यांतून मांजरांची मोजदाद केली, आणि जेथे मांजरे पुष्कळ तेथे प्लेग थोडा, असा निष्कर्ष 1908 साली विलायतेच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्याच वर्षी रॉबर्ट कॉख हे जपानला गेले असता त्यांनी तेथेही मांजरे पाळण्याचा सल्ला दिला. आजचे ज्ञान या मताला एक पुरवणी जोडते: मांजरासही प्लेग होतो आणि त्याच्यापासून तो मनुष्यास लागू शकतो. तेव्हा हा उपाय निर्दोष नव्हता. तथापि मांजराकडे केवळ दूध चोरणारे म्हणून पाहण्याची दृष्टी त्या काळी निदान काही जणांनी तरी बदलली.

कारण आपली दृष्टी या प्राण्याविषयी फारशी उदार नाही, हे कबूल केले पाहिजे. श्रीदत्तप्रभूंच्या पायाशी कुत्री आहेत, मागे गाय आहे, मांजर नाही. अवधूताने चोवीस गुरू केले, त्यांत अजगर आहे, कोळी आहे, कुंभारीण माशी आहे. मांजर तेथेही नाही. मनूने ढोंगी माणसास बैडालव्रतिक म्हटले. आडवे गेले तर अपशकुन. एका बाजूस षष्ठीदेवीचे वाहन म्हणून बाळंतिणीच्या खोलीत त्याचा मान, हातून मेले तर सोन्याचे मांजर दान करण्याची धास्ती. आणि दुसऱ्या बाजूस सकाळी त्याचे तोंड पाहिले तर दिवस वाईट. आळवार-आचार्यांच्या परंपरेत मात्र त्याला मोठे स्थान मिळाले. मांजरी पिलास स्वतः उचलून नेते, पिलाने काही करावयाचे नसते, तसा भगवंत भक्तास तारतो, असा तो मार्जारन्याय. या न्यायात पिलू निश्चल असते, हे खरे. पण मांजरी तोंडात ओझे धरून भिंती चढत असते, हे विसरू नये.

निश्चल, सुखावलेल्या प्रौढ मांजराविषयी आपल्या पूर्वजांस मुळातच संशय होता. महाभारताच्या उद्योगपर्वात दुर्योधन उलूकाकरवी जो निरोप पाठवितो, त्यात एका तपस्वी मांजराची कथा येते. गंगातीरी हात वर करून ते उभे राहिले. उंदरांचा विश्वास बसला. मग ते म्हणू लागले की तपाने आम्ही क्षीण झालो, चालवत नाही, तेव्हा तुम्हीच आम्हास रोज नदीकाठी पोचवा. चालणे बंद झाले आणि अंग मात्र भरू लागले. उंदरांची संख्या घटत गेल्यावर गुपित फुटले. मामल्लपुरमच्या सातव्या शतकातील प्रचंड शिलाचित्रात मागल्या पायांवर उभे असलेले, पुढचे पाय वर केलेले एक मांजर कोरले आहे आणि त्याच्यापाशी उंदीर आहेत. ते पाहताना आम्हास भालकीचा बोका आठवला. त्या बिचाऱ्याचे पाप मात्र काहीच नव्हते.

आमच्या विषयाशी सर्वांत जवळची कथा हितोपदेशात आहे. दुर्दांत नावाच्या सिंहाची आयाळ झोपेत एक उंदीर कुरतडून जाई. सिंहाने दधिकर्ण नावाचे मांजर आणून गुहेत ठेवले आणि त्यास मांस घालू लागला. मांजराच्या भयाने उंदीर बाहेर येईना. पुढे भुकेने तो बाहेर पडला आणि दधिकर्णाने त्यास मारले. उंदराचा आवाज थांबला, तसा सिंहाचा आदरही थांबला. दधिकर्णाचे अन्न तुटले आणि ते खंगले. नारायणपंडिताने ही कथा राजाच्या चाकरांना शहाणपण शिकविण्यासाठी सांगितली. आज आमच्या घरांतून ती उलटी घडत आहे. दधिकर्णाचे काम संपले म्हणून अन्न गेले. आमच्या मांजराचे काम गेले आणि अन्न मात्र दुप्पट झाले.

काम गेले ते कसे, हे या सीमाभागात वर्षवारीने सांगता येते. 1948 च्या सप्टेंबरात निजामी संपली. 1956 च्या नोव्हेंबरात जुना बीदर जिल्हा विभागला. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. मांजरांनी ही सीमा अद्याप मान्य केलेली नाही, पण धान्याने केली. 1957 साली केंद्रीय वखार महामंडळ आणि 1965 साली अन्न महामंडळ स्थापन झाले. धान्य पेवांतून निघून गोदामांत जाऊ लागले. घरात पत्र्याच्या कोठ्या आल्या, त्यांत उंदरास वाव नाही. पुढे बीदरच्या शेतांत सोयाबीन आले. ते घरात भरून ठेवण्याचे धान्यच नव्हे. मळणीबरोबर बाजारात जाते.

आणि मग 30 सप्टेंबर 1993 ची पहाट उजाडली. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यांतील पुष्कळ जण जाड दगडमातीच्या भिंती आणि वरचे मातीचे माळवद अंगावर पडून गेले. हादरे बीदर-कलबुर्गीतही जाणवले. त्या पहाटेनंतर माळवदाखाली निजण्याची भीती या सर्व मुलखाच्या मनात बसली. ज्यांना शक्य होते त्यांनी अंगणात पत्र्याची खोली उभारली, पुढे सिमेंटचे घर बांधले. याविषयी तक्रार करण्याचा अधिकार कोणासही नाही. माणसे जगली पाहिजेत. परंतु त्या माळवदाबरोबर मांजराचे सारे राज्य गेले, हेही नोंदविले पाहिजे. ढाळजेतून तुळईवर, तुळईवरून बळदाच्या तोंडाशी, तेथून झरोक्याने माळवदावर, आणि माळवदांना माळवदे लागलेली असल्यामुळे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अख्खी आळी. रात्री डोक्यावर धपधप आवाज आला तर थोरले म्हणत, "काही नाही, मांजर आहे." तो आवाज हाच तिचा व्यायाम होता.

शिंक्याचे तर विचारूच नये. शिंके तुटले आणि बोक्याचे फावले, ही म्हण सारेच जाणतात. पण शिंके तुटण्यापूर्वी बोक्याने किती उड्या मारल्या असतील, याचा हिशेब कोणी केला आहे काय? दही वाचविण्यासाठी टांगलेले ते साधन नकळत मांजराची तालीम होती. वाघास सर्व विद्या शिकवून झाडावर चढण्याची तेवढी राखून ठेवणाऱ्या या मावशीस तालमीची गरज नाही, असे समजणे चूक आहे.

तिच्या देहाची घडणच तशी आहे. मांजर दिवसाचे बारा-पंधरा तास झोपते, ते आळसाने नव्हे. तिची शिकार लहान. रानात जगणारे मांजर दिवसाकाठी आठ-दहा उंदीर धरते आणि एकेका उंदरासाठी अनेक झेपा फुकट जातात. प्रत्येक झेप क्षणभराची, पण सर्व शक्तीची. ही झेप बंद झाली आणि वाटी भरलेली राहिली, की मेद चढतो. खच्ची केलेल्या बोक्यास तर अधिकच लवकर. त्यापाठोपाठ मधुमेह येतो, सांधे धरतात, पाठ चाटता न आल्यामुळे केसांच्या गाठी होतात. मार्जार हा शब्द मृज् धातूपासून आला, म्हणजे स्वतःस पुसून स्वच्छ करणारा. ज्याला आपली पाठ चाटता येत नाही तो नावाचाही मार्जार राहिला नाही.

येथे आमच्या शाकाहारी वाचकांपाशी एक अवघड गोष्ट बोलणे भाग आहे. आपल्या घरांतून मांजरास दूधभात घालण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आणि त्यावर मांजरे जगली, असे आपण मानतो. ती दूधभातावर जगली नाहीत. ती आपल्या पाठीमागे, बळदात आणि माळवदावर, आपला आहार मिळवीत होती. दूधभात हे केवळ आपल्या समाधानाचे नैवेद्य होते. मांसात टॉरीन नावाचे एक द्रव्य असते, जे मांजराचे शरीर पुरेसे तयार करू शकत नाही. ते न मिळाल्यास डोळ्यांचा पडदा झिजून ते आंधळे होते, हे 1975 साली, आणि हृदय दुबळे होऊन फुगते, हे 1987 साली सिद्ध झाले. जाळीबंद घरात केवळ दूधभातावर ठेवलेले मांजर कितीही खेळविले तरी सुदृढ होणार नाही. आमच्यातील मत्स्याहारी कोंकणी घरांस ही अडचण कमी. तेथील माजर माशाच्या वासाने आपोआप उडी मारते. इतरांनी पशुवैद्याने सांगितलेले अन्न वेगळ्या भांड्यात, अंगणात ठेवावे. धर्म बुडत नाही. शिवाय दूध पुष्कळ प्रौढ मांजरांस पचत नाही. आणि लठ्ठ मांजराचे अन्न एकदम तोडून त्यास एकादशी घडवू नये. काही दिवस उपाशी राहिलेल्या लठ्ठ मांजराचे यकृत मेदाने भरून ते दगावते. अन्न उतरवावे ते हळूहळू.

मग व्यायाम कसा द्यावा? भालकीच्या घरी आम्ही हाच विचार करीत बसलो. बाहेर मोकळे सोडावे तर रस्त्यावर मोटारी, गल्लीत कुत्र्यांच्या टोळ्या. कौटिल्याचा दंड वसूल करणारा कोणी नाही. तेव्हा बळद, तुळई आणि उंदीर यांची सोंगे घरातच उभी करावी लागतात. उंदराचे सोंग म्हणजे काठीस बांधलेल्या दोरीच्या टोकाचे पीस किंवा चिंधी. ते मांजराच्या तोंडासमोर नाचवू नये. कोणता उंदीर मांजराच्या तोंडाशी येतो? ते दूर सरकवावे, कोपऱ्याआड लपवावे, थांबवावे, पुन्हा हलवावे. पहाट आणि दिवेलागण या तिच्या स्वभावतः शिकारीच्या वेळा आहेत; त्या वेळी दहा-पंधरा मिनिटे पुरतात. कलबुर्गीच्या वैशाखात भर दुपारी तिला उठविणे हा छळ आहे. शेवटी चिंधी तिच्या पंजात सापडू द्यावी आणि लगेच अन्न द्यावे. सतत निसटणारी शिकार तिला चिडवते. भिंतीवरील उजेडाच्या ठिपक्यामागे पळविण्याची नवी टूम निघाली आहे, तीत हातास कधीच काही लागत नाही, म्हणून आम्हास ती पसंत नाही. हाताच्या बोटांनी खेळविण्याचे फळ काय, ते ज्याच्या त्याच्या बोटांस कळते. खेळ संपला की दोरी कपाटात कुलूपबंद करावी. दोरा, लोकर, हाराचा जरीधागा गिळल्यामुळे आतडी गोळा होऊन मांजरे मरतात; देवघराशी वावरणाऱ्या मांजराच्या बाबतीत हाराच्या धाग्याकडे विशेष लक्ष असावे. तुळईच्या जागी भिंतीस दोन-तीन रुंद फळ्या, चढत्या उंचीच्या. बळदाच्या जागी भोके पाडलेली खोकी, आत अन्नाचे चार दाणे लपविलेले. खर्च नाही.

शिंक्याची सूचना आजींची. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघण्याच्या बेतात असताना त्यांनी माडीवरच्या पेटीतून वाड्यातले काथ्याचे शिंके काढविले, नातवाकडून पंख्याच्या आकड्याशेजारच्या खुंटीस ते बांधविले आणि त्यात सुक्या मासळीचा तुकडा ठेवलेली वाटी घातली. मासळी शेजारच्या घरून आली होती. तिला घरात प्रवेश देताना आजींनी डोळे मिटून घेतले. उंची बेताची, पलंगावरून झेप घेतली तर पंजा लागेल एवढी. बोका एक डोळा उघडून पाहत राहिला. मग दुसरा उघडला. उठून बसला, शेपटीचे टोक हलू लागले. पहिली उडी इतकी तोकडी पडली, की तो पलंगाच्या कडेस आपटून खाली आला आणि काही झालेच नाही अशा मुद्रेने पंजा चाटू लागला. आमची मोटार दारात वाजत होती, पण आम्ही थांबलो. तिसऱ्या उडीस शिंके हलले. आजी म्हणाल्या, "थांबा की अजून जरा. ह्याच्या आजीला बी पयल्या दिवशी जमलं नव्हतं."